माग थांबल्यावर

मे महिन्याची १८ तारीख. सकाळच्या साडेनवालाच ऊन असं तापलं होतं की दोरीवर टाकलेला टॉवेल पिळायच्या आधीच वाळावा. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि पडदा काळाचा काळाच.

दोन दिवसांत, २० तारखेपर्यंत जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं होतं. तेही माझं नाही, पाच कारखानदारांचं. कारखानदार म्हटलं की लोकांना उंच चिमणी दिसते. सोलापुरात आमच्या पूर्व भागात पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग असले तरी माणूस कारखानदार असतो, आणि त्याची बिलं टाईप करणारा माझ्यासारखा माणूस त्याचा 'अकाउंटंट'. अशी एक शेड आमच्या मागच्या भिंतीला चिकटूनच आहे. टॉवेलचे माग. सकाळी आठला खडखडाट सुरू झाला की आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. पाहुण्यांना वाटतं, भांडण चाललंय.

आधी बाहेरचं बघून घेतलं. प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड, मागच्या वायरी. मॉनिटर वेगळ्या स्विचवर चालू होता. 'नो सिग्नल' एवढं सांगून तोही झोपला. म्हणजे तो धडधाकट, त्याला कुणी काही सांगतच नव्हतं.

तेवढ्यात शेडचे मालक बिलाचं विचारायला आले. काळा पडदा बघून म्हणाले, "फॉरमॅट मारा की." आमच्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हा एकच काढा आहे. अहो, फॉरमॅट म्हणजे हार्ड डिस्क पुसायची. इथं गाडी डिस्कपर्यंत पोचलीच नव्हती. जो अजून अंथरुणातून उठला नाही, त्याला घर बदलायला सांगण्यातली गत.

मग मी एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, तपासला. खरं सांगतो, गरज नव्हती. पंखा फिरत होता, म्हणजे वीज आत पोचत होती. पण आपल्याला जी एक विद्या येते ती पाजळायचा मोह सुटत नाही. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, जाणारा मोठा जोड काढायचा, त्यातली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर एका यू-पिनेनं जोडायची. एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, पिशवीतलं मल्टिमीटर घेऊन मोजलं. पिवळ्यावर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. तिन्ही जागच्या जागी. अर्धा तास गेला आणि जे माहीत होतं तेच पुन्हा कळलं.

नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "किती वर्षं झाली?" चौदा म्हटल्यावर, न बघता, "बोर्ड गेलाय मालक." या बोर्डाला हा प्रोसेसर, या प्रोसेसरला ही रॅम म्हणजे मेमरी, त्यामुळे एक बदललं की सगळंच बदलायचं. वर "त्यापेक्षा लॅपटॉप घ्या की." मी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची पेटी, स्कूटरवर पायांपाशी ठेवून न्यायचं ठरवलं. ऊन उतरल्यावर.

एक वाजता शेडमधले माग जेवणाच्या सुट्टीला थांबले.

ही शांतता आमच्या घरात रोज येते आणि रोज दचकवते. कानांवरचा हात कुणीतरी काढल्यासारखं वाटतं. लांबची रिक्षा, पलीकडच्या अक्कांचा तेलुगूत चाललेला फोन, सगळं एकदम आत येतं. जेवायला बसण्याआधी मी सहज आणखी एकदा बटण दाबलं. ताटावरून अण्णांनी मान वर केली.

"ओरडलालंय की रे ते."

"काय ओरडलालंय?"

"लांब शिट्टी. थांबलालंय, परत ओरडलालंय."

मी वाकून कान लावला. खरंच. कॅबिनेटच्या पोटातून बारीक, लांबलचक 'पीऽऽप', मग गप्प, मग पुन्हा 'पीऽऽप'. सकाळपासून ते हेच सांगत होतं, आणि आठ मागांच्या गदारोळात मला ऐकू येत नव्हतं.

आता अण्णांच्या कानांविषयी सांगायला हवं. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर, असे ते आयुष्यभर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं आहे. आईनं चारदा हाक मारली तरी ढिम्म. पण यंत्राचं ऐकू येतं. आईची हीच तक्रार आहे, की बायकोचं ऐकू येत नाही आणि मिक्सरचं बेअरिंग गेलेलं मात्र ओसरीवर बसून कळतं. गिरण्यांचे भोंगे वाजत त्या काळी कुठल्या गिरणीचा भोंगा कुठला हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगत म्हणे. आता भोंगेही नाहीत आणि गिरण्याही नाहीत. कान तेवढे उरलेत.

"माग असाच असतोय," अण्णा म्हणाले. "बाण्याचा आडवा दोरा तुटला की आपणहून थांबतोय. नवीन पोरगं आलं की म्हणतंय, माग बिघडला. बिघडला असता तर थांबला नसता, तसंच कापड काढत बसला असता. दोरा बघ आधी."

चौदा वर्षं मी ही पेटी वापरतोय आणि तिचं वागणं इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. बटण दाबल्याबरोबर कॉम्प्युटर आधी स्वतःची झडती घेतो. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. तो उठून हजेरी घेतो. मेमरी आहे का, पडद्याची सोय आहे का, कीबोर्ड आहे का. यात मेमरीच सापडली नाही तर पडद्यावर काही लिहिण्याइतपतही त्याची तयारी झालेली नसते. मग सांगणार कसं? म्हणून शिट्टी. सगळं ठीक असेल तर बहुतेक ठिकाणी एक छोटी. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाचं दुखणं. लांबलांब वाजत राहिली तर बहुधा रॅम. 'बहुधा' म्हणायचं कारण, बायोस बनवणारे वेगवेगळे आणि त्यांची शिट्टीची बोलीही वेगवेगळी. सोलापूरकराला याचं नवल नसावं. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत वाढलेला माणूस कुठलीही शिट्टी समजून घेतो, फक्त ऐकू आली पाहिजे.

(कीबोर्ड सापडला नाही तर जुना बायोस 'कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' असं सांगायचा. आमच्याकडच्या काही ऑफिसांत त्याची भावकी नोकरीला असावी.)

जेवण आटोपलं. शेंगाचटणीचं तेल बोटांना असतं, म्हणून साबणानं दोनदा हात धुतले. प्लग काढला आणि बटण पाच सेकंद दाबून धरलं, आत साठलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण आमच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर साठलेली वीज रॅमला मारू शकते. हे मी अण्णांना समजावलं तर ते म्हणाले, "मग पाणी शिंपड की थोडं. हवा कोरडी पडली की सूतही असंच तुटतंय." तांब्या त्यांच्या हातातून काढून घ्यावा लागला. म्हणणं अगदीच चूक नव्हतं, जागा चूक होती.

बाजूचा पत्रा काढला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. आत चादर विणली होती. मागच्या शेडमधून उडणारी सुताची लव, तीत आमच्या गल्लीची धूळ, आणि चौदा वर्षं न थांबता फिरणारा पंखा. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये ती इतकी दाट बसली होती की चिमट्यानं उचलल्यावर अखंड निघाली, करड्या रंगाची, नखाएवढ्या जाडीची. अण्णांनी ती बोटांत धरून ताणून बघितली. "वीण बरी आहे," म्हणाले.

रॅमच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेरच्या बाजूला दाबल्या. पट्टी वर आली. तिच्या काठावरचे सोनेरी दात काळसर पडले होते. मुलीच्या कंपासातलं खोडरबर घेतलं, पांढरं, मऊ. शाईवालं खरखरीत घ्यायचं नाही, ते सोन्याचा पातळ मुलामाच खरवडतं. एका बाजूनं हलक्या हातानं घासलं, मग दुसऱ्या. दात उजळले. चुरा फुंकणार तोच अण्णांनी हात आडवा धरला. "तोंडाची वाफ जाती." बरोबर होतं. रंगाच्या कोऱ्या ब्रशनं झटकलं. खाच जुळवून पट्टी बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्, आणि पलीकडून आणखी एक कट्. यातला दुसरा कट् ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. पुष्कळ 'गेलेले बोर्ड' एका कट् वर अडकलेले असतात, असं मला आता वाटू लागलंय. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, एवढ्या वर्षांत कुठलाही सांधा थोडा सरकणारच.

बटण दाबलं. पीप. एक, छोटी.

पडदा उजळला, आणि त्यावर तारीख आली १ जानेवारी २००९. बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो केव्हाच संपला असणार. रोजच्या रोज वीज मिळते तोवर त्याची उणीव कळत नाही. आज सकाळी मी सगळ्या वायरी उपटल्या आणि कॉम्प्युटर आपला जाऊन बसला मनमोहनसिंगांच्या काळात. जीएसटीची साईट उघडेना, कारण तारखा जुळल्याशिवाय ब्राउझर असल्या साईटवर भरवसा ठेवत नाही. त्यात २००९ साली जीएसटी होता कुठं? तो आला १ जुलै २०१७ ला. क्षणभर वाटलं, राहू द्यावी हीच तारीख. पाचही कारखानदार खूष झाले असते.

सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. नवी पेठ राहिलीच.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, चालू करण्याला तुम्ही 'बूट' का म्हणता, पायातला का? मी म्हटलं, हो, पायातलाच. बुटाच्या मागं ओढायला पट्टी असते. तीच ओढून माणसानं स्वतःला उचलावं, तसं कॉम्प्युटरला स्वतःला उठवावं लागतं. प्रोग्रॅम आत आणायलाही आधी एक प्रोग्रॅम लागतो. म्हणून तो बायोस कायमचा ठेवलेला. यात त्यांना विशेष काही वाटलं नाही. नवा बीम, म्हणजे दोऱ्यांचा रूळ, चढवताना जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या दोऱ्यांची, टोकं फणीत तशीच ठेवतात, म्हणाले, आणि नव्याचा एकेक दोरा त्यांना जोडून ओढून घेतात. "रिकाम्या मागावर कोण बसतंय रे पहिल्यापासून?"

३बी वेळेत गेलं. कॅबिनेटचा पत्रा मात्र अण्णा लावू देत नाहीत. आतलं दिसलं पाहिजे, एवढंच म्हणतात. आणि रोज सकाळी पावणेआठला, शेड उघडायच्या आत, ओसरीवरून उठून येतात. "लाव बघू." मी बटण दाबतो. पीप. ते मान हलवतात, चहाचा कप उचलतात, आणि भिंतीपलीकडे पहिला माग सुरू होतो.