३०० बँका, एक यंत्रणा

राजारामपुरी, रविवार रात्र

दुपारी विद्यापीठातली अर्थशास्त्राची मुलं घरी आली होती. एकीने विचारलं, "मॅडम, जगावरच्या आर्थिक संकटांचा अभ्यास कोल्हापुरात बसून कसा करता?" उत्तर दिलं, पण घाईघाईत. प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी या कामात आले तेव्हा लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक नुकतीच बुडाली होती. १५ सप्टेंबर २००८, सुमारे ६३९ अब्ज डॉलरची मालमत्ता कागदावर असताना. त्यानंतर कित्येक वर्षं आमचा सगळा शोध एकाच दिशेने चालला: मोठं कोण, आणि ते पडलं तर कोणाला घेऊन पडेल? २०११ पासून जगातल्या अशा बँकांची यादी निघते. आपली रिझर्व्ह बँकही देशापुरती काढते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, तेव्हा वेगाची भीती कळली.

पण माझी नजर बदलली ती ३१ जुलै २०२४ ला. लहान बँकांना संगणकीय सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. लागण पसरू नये म्हणून देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या जाळ्यातून तोडलं. तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे देशातल्या जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे ग्राहक अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, त्यामुळे माझ्या ओळखीच्या विश्लेषकांत विषय लगेच मिटला.

मला तो मिटवता येत नाही. त्या अर्ध्या टक्क्यात कोण असतं, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दहा दिवसांचं दूधबिल, उसाचा हप्ता, फौंड्रीतल्या कामगाराचा पगार असल्याच बँकांत येतो. त्या घरांकडे दुसरं खातं बहुधा नसतंच.

शिवाय या ३०० बँकांचं संचालक मंडळ वेगळं, ताळेबंद वेगळा, थकबाकी वेगळी. कागदावर त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण खालची यंत्रणा एकच. साऱ्या तालुक्याने ८६०३२ हाच ऊस लावला, तर शेतं कितीही वेगळ्या मालकांची असोत, त्या वाणाला धरणारा रोग सगळ्यांच्या बांधावर येणार. आता तर कर्ज कोणाला द्यायचं हेही काही ठिकाणी संगणकाची मॉडेलं ठरवू लागली आहेत. जगभरच्या वित्तीय व्यवस्थेवर लक्ष ठेवणाऱ्या फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्डाने नोव्हेंबर २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या अहवालात हेच धोके सांगितलेत: मोजक्या पुरवठादारांवर अवलंबून राहणं, आणि सारखी मॉडेलं वापरून सगळ्यांनी एकाच वेळी एकाच बाजूला झुकणं.

युरोपात १७ जानेवारी २०२५ पासून डोरा कायदा लागू आहे. बँकांना महत्त्वाची सेवा देणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर त्याने थेट देखरेख आणली. मला तेवढ्यावर समाधान नाही. कोणती बँक कोणाच्या यंत्रणेवर चालते, याचा नकाशा तालुक्यापासून वर काढायला हवा, आणि तो इथे बसूनच निघेल. म्हणून मी इथे आहे, हे त्या मुलीला सांगायचं राहिलं.

काका एका सहकारी बँकेचे संचालक आहेत. उद्या त्यांना दोनच गोष्टी विचारणार: तुमची यंत्रणा कोणाची, आणि ती दोन दिवस बंद राहिली तर दूधबिलं कशी वाटणार?