पाऊण सेकंदाची चूक

त्या दिवशी सकाळी आमच्या टीमच्या लीडने मीटिंगमध्ये पहिलंच वाक्य टाकलं, "एनफिल्डचं डॅमेज कमी कर." गुड मॉर्निंगसुद्धा नाही.

मी दुसऱ्या महायुद्धावरच्या एका शूटर गेमसाठी शस्त्रं डिझाइन करते. बंदुकांची मॉडेलं बनवणारे वेगळे, आवाज देणारे वेगळे. माझं काम त्या बंदुका हातात कशा वागतील ते ठरवायचं. गोळी किती वेगाने जाईल, लागल्यावर किती इजा करेल (त्यालाच डॅमेज म्हणतात), झटका किती बसेल, रीलोडला किती वेळ लागेल, हे सगळं एका लांबलचक तक्त्यात असतं आणि त्या तक्त्यावरून मला शिव्या बसतात.

तक्रार साधी होती. आमचा मॅप 1944 च्या उन्हाळ्यातल्या नॉर्मंडीचा. उंच बांध आणि दाट झुडपांच्या कुंपणांनी कापलेली शेतं, समोरचा माणूस दिसतो तोच जवळ आल्यावर. एका बाजूला ब्रिटिश, त्यांच्या हातात ली-एनफिल्ड नंबर 4 रायफल. दुसऱ्या बाजूला जर्मन, त्यांच्या हातात कार 98-के ही रायफल, जिला आम्ही नुसतं 'कार' म्हणतो. आणि ब्रिटिश सारखे जिंकत होते. टेस्टर जर्मन बाजूला जायलाच तयार नव्हते. नाइलाजाने गेलेच, तर मेलेल्या कोणाची तरी एनफिल्ड उचलून खेळायचे. यापेक्षा स्पष्ट अभिप्राय कोण देणार?

तरीही डॅमेज कमी करायला माझा जीव होईना. आमच्या गेममध्ये रायफलची गोळी छातीत लागली की माणूस पडतो, संपलं. उद्या एनफिल्डची गोळी लागूनही तो धावत राहिला, तर तो खेळ रबरी गोळ्यांचा झाला. तिचं .303 चं काडतूस काही लेचंपेचं नव्हतं.

"मग कारची गोळी जास्त वेगाने सोड," लीड म्हणाला. "खरी आहे ना ती जास्त वेगवान?"

आहे. कार 98-केच्या नळीतून गोळी साधारण 760 मीटर प्रतिसेकंदाने निघते, एनफिल्डची साधारण 744 ने. हे आकडे मी तक्त्यात अगदी भक्तिभावाने भरले होते. आता त्याला फळ्यावर हिशोब करून दाखवला. आमच्या मॅपवर जास्तीत जास्त लांबचा नेम सव्वाशे मीटरचा. हवेचा अडथळा सोडून दिला, तर दोन्ही गोळ्यांच्या पोचण्यात फरक साडेतीन मिलिसेकंदांचा. आमचा सर्व्हर सेकंदाला 60 वेळा जगाची नोंद घेतो, म्हणजे त्याचा एक ठोका जवळपास 17 मिलिसेकंदांचा. या दोन रायफलींच्या वेगातला फरक आमच्या सर्व्हरला कळतही नाही! तीन वर्षं मी हे दोन आकडे जपले होते. फोरममध्ये कोणी चुकीचा आकडा लिहिला की तावातावाने दुरुस्त करायचे. असो.

मग फरक कुठे आहे? हातात आहे, हे सगळ्यांनाच माहीत असतं. या रायफलींत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, हाताने मागे-पुढे करावा लागतो. एनफिल्डचा बोल्ट 60 अंश उचलला की सुटतो, कारचा 90 अंश उचलावा लागतो. एनफिल्डच्या बोल्टची मूठ मागे, खटक्याजवळ असते, त्यामुळे हात फार लांब जात नाही. कारचा बोल्ट उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते, म्हणून उचलायला जोर लागतो. एनफिल्डमध्ये तोच जोर बोल्ट पुढे ढकलताना शेवटी लागतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकीत 10 काडतुसं, दुसरीत 5. हे सगळं आमच्या गेममध्ये होतं. कागदावर सगळं बरोबर होतं.

त्याच दिवशी दुपारी काका येणार होते. त्यांचं आयुष्य जुन्या बंदुका दुरुस्त करण्यात गेलं आहे, आता संग्रहालयांसाठी सल्ला देतात. स्टुडिओतले सगळेच त्यांना काका म्हणतात. खरं तर आवाजाच्या टीमने त्यांना बोलावलं होतं, बोल्टचे आवाज ध्वनिमुद्रित करायला. ते दोन रायफली घेऊन आले. दोन्हींचे बोल्ट व्यवस्थित चालत होते, पण नळ्या कायमच्या बंद केलेल्या. सोबत दारू नसलेली नकली काडतुसं आणि एका डबीत क्लिपा, म्हणजे पाच-पाच काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. ध्वनिमुद्रण आटोपल्यावर मी म्हटलं, "काका, अर्धा तास मला द्याल? या दोघींचं भांडण सोडवायचंय."

आधी त्यांनी रायफल माझ्याच हातात दिली. पडद्यावर हजारो वेळा भरलेली एनफिल्ड मी पहिल्यांदा हाताने भरत होते. क्लिप वरच्या खाचेत बसवली, अंगठा दाबला, तीन काडतुसं गेली आणि चौथं अडलं. जोर लावला, तर अजून घट्ट अडलं. काका शांतपणे म्हणाले, "कडा अडकली." .303 च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि बसा ओढत. मी क्लिप भरतानाच घाई केली होती.

अ‍ॅनिमेटर मित्राचे डोळे चमकले. "हे टाकू या! मधूनच रायफल अडकली पाहिजे!" हा मोह मला ओळखीचा आहे. पण मी ठाम नाही म्हटलं. खऱ्या शिपायाला आपली क्लिप नीट भरता येते, ती त्याची शिस्त. खेळणाऱ्याला आम्ही क्लिप भरायला देतच नाही, मग शिक्षा कशाची देणार? फासे टाकून माणसाला मारायचं आणि वर त्याला वास्तव म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग काकांनी कार हातात घेतली. मी मोबाइल स्टँडला लावला, सेकंदाला 240 फ्रेमचा वेग ठेवला. मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, रिकामं असल्यामुळे बोल्ट मागे अडकून राहिला होता. काकांनी क्लिप खाचेत टेकवली, अंगठ्याने पाचही काडतुसं एका दमात खाली दाबली आणि लगेच बोल्ट पुढे ढकलला. टण्ण! क्लिप उडाली, टेबलावर आपटली आणि कुठेतरी गेली.

अ‍ॅनिमेटर म्हणाला, "काका, क्लिप काढायची राहिली तुमची."

"काढायची कशाला? बोल्ट काढतो की."

खोलीत दोन क्षण कोणी बोललं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आमच्या गेममधला जर्मन शिपाई काडतुसं दाबल्यावर हात वर नेतो, रिकामी क्लिप चिमटीत धरतो, उपसतो, बाजूला टाकतो आणि मग बोल्टकडे वळतो. दिसायला फार सुंदर आहे ते. आमच्या जाहिरातीच्या व्हिडिओतही होतं.

"पुन्हा करता?" मी विचारलं. काकांनी चार वेळा केलं, चारही वेळा क्लिप बोल्टनेच उडवली. मग मी त्यांना आमच्या शिपायासारखं करायला लावलं. फ्रेम मोजल्या. क्लिपकडे हात जाऊन बोल्टवर परत यायला 160 फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंदाहून जरासं कमी. गोळी लागली की माणूस पडतो अशा खेळात पाऊण सेकंद म्हणजे एक आख्खा जीव.

ही चूक आली कुठून ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. एनफिल्डचं रीलोड आम्ही आधी बनवलं होतं. तिच्यात 10 काडतुसं भरायची म्हणजे दोन क्लिपा लागतात. पहिली रिकामी झाल्यावर हातानेच काढावी लागते, कारण बोल्ट अजून मागेच असतो. ते अ‍ॅनिमेशन अगदी बरोबर होतं. मग कारची वेळ आली, तेव्हा मुदत डोक्यावर होती आणि कोणीतरी म्हणालं, "तेच वापर, फक्त एकच क्लिप ठेव." जुन्या कामांच्या यादीत मी ती नोंद शोधून काढली. खाली नाव माझंच होतं.

म्हणजे सकाळी मी ज्या बंदुकीच्या बाजूने इतिहासाची साक्ष काढत होते, तिच्या प्रतिस्पर्धी बंदुकीच्या इतिहासात खोट मीच घातली होती. काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, एवढे ते सभ्य आहेत.

बोलता बोलता मी त्यांना आमचा सगळ्यात लाडका प्रश्नही विचारला. टेस्टर नेहमी लिहितात, एनफिल्डचं मॅगझीन निघतं ना, मग दुसरं भरलेलं का लावत नाही? काका म्हणाले, मॅगझीन निघायचं ते साफसफाईसाठी. शिपायाकडे रायफलीबरोबर एकच असायचं, ते वरूनच भरायचं. काडतुसं कापडी पट्ट्यात असायची, एका पट्ट्यात 50, पाच-पाचच्या दहा क्लिपा. मी हे आधीच वाचलेलं होतं, पण एखाद्या माणसाने तो पट्टा खांद्यावर कसा टाकायचा हे हाताने दाखवलं की गोष्ट वेगळीच होते.

पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून एका मिनिटात 300 यार्डांवरच्या लक्ष्यावर 15 गोळ्या झाडण्याची अपेक्षा असायची. नेम धरून, मध्ये भरण्यासकट. म्हणजे सरासरी चार सेकंदांना एक. आमच्या गेममधला कुठलाही नवखा सव्वा सेकंदाला एक झाडतो आणि रायफल हळू आहे म्हणून तक्रार करतो. हे मात्र मी बदलणार नाही. चार सेकंद वाट पाहायला लावली तर तोच नवखा गेम काढून टाकेल, आणि त्याचं बरोबर असेल.

संध्याकाळपर्यंत अ‍ॅनिमेटरने कच्चं काम केलं. क्लिप आता बोल्टच्या धक्क्याने उडून उजवीकडे पडत होती. गेमचा नवीन बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती, निघाला, टेस्टर बसले. कार हातात हलकी वाटायला लागली, हे मला खेळतानाच कळलं. सामने चुरशीचे व्हायला लागले. पण जर्मन तरीही हरतच होते. आधीपेक्षा कमी, पण हरत होते. लीड माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर डॅमेज हा शब्द पुन्हा उमटत होता.

काका तोवर थांबले होते, आम्ही कसे खेळतो ते मागे उभं राहून बघत होते. त्यांना माउस धरता येत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "यांची मशीनगन कुठे आहे?"

आहे ना, मी म्हटलं. दोन्ही बाजूंना एकेक. ब्रिटिशांना ब्रेन, जर्मनांना एमजी 42. समान न्याय.

"समान कसला? जर्मन तुकडी त्या मशीनगनभोवतीच उभी असायची. बाकीचे रायफलवाले तिची काडतुसं वाहायचे, तिला राखायचे. तू त्या माणसाला एकटा सोडलास आणि आता विचारतेस तो हरतो का."

हे काही गुपित नव्हतं, माझ्या शेल्फवर यावरची पुस्तकं आहेत. पण मी दोन रायफली समोरासमोर ठेवून तराजू धरून बसले होते. आमच्या गेममध्ये एमजीवाल्याकडे काडतुसांचे स्वतःपुरते भरपूर पट्टे होते आणि रायफलवाल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. खरं तर एमजी 42 मिनिटाला 1200 गोळ्यांच्या वेगाने खाते. 50 काडतुसांचा पट्टा खटका दाबून धरला तर अडीच सेकंदांत संपतो. तिला वाहणारी माणसं लागतातच.

त्यावर रात्री साडेनऊपर्यंत वाद झाला. लीडचं म्हणणं, मशीनगन बळकट केली की सगळे बांधाआड लपून बसतील आणि खेळ थंड पडेल. त्याची भीती खोटी नव्हती. शेवटी ठरलं ते असं: एमजीवाल्याकडचे पट्टे निम्मे करायचे, उरलेले प्रत्येक जर्मन रायफलवाल्याकडे वाटून द्यायचे आणि जवळ जाऊन ते त्याला देता यायला हवेत. मशीनगन तीच, वेग तोच. ब्रिटिशांनाही तसंच, कारण ब्रेनची मॅगझिनं रायफलवाल्यांच्याच खिशात असायची. रायफलीच्या तक्त्यातला एकही आकडा कोणी बदलला नाही. पुढच्या आठवड्यात टेस्टर आपणहून जर्मन बाजूला जाऊ लागले. एकाने लिहिलं, "कारचं डॅमेज वाढवलंत ते बरं केलंत." मी उत्तर दिलं नाही.

त्या रात्री निघताना काकांनी डबीतल्या क्लिपा मोजल्या. एक कमी होती. आम्ही तिघं टेबलाखाली, खुर्च्यांखाली, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा बघून आलो. नाही मिळाली. "राहू दे," ते म्हणाले, पण जुनी वस्तू ती, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अकरा दिवसांनी अ‍ॅनिमेटरचा कॉम्प्युटर तापतोय म्हणून उघडला, तर मागच्या पंख्याच्या जाळीला ती टेकलेली. टेबलापासून सहा फुटांवर. मी लगेच काकांना फोन लावला.

"उजवीकडेच गेली होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठेव तुझ्याकडे. पुढच्या महिन्यात गॅरंड, ती अमेरिकन रायफल, घेऊन येतोय, तेव्हा नेईन. आणि ऐक, तिची क्लिप काडतुसांसकट आत जाते, आठवी गोळी सुटली की बंदूकच ती बाहेर फेकते. तुमच्या अ‍ॅनिमेशनवाल्याला आधीच सांगून ठेव."

मी फोन ठेवला आणि गॅरंडचं रीलोड उघडलं. शिपाई हात वर नेत होता.