पिंग होतंय, टेबल रिकामं

संध्याकाळच्या बॅचला येणारी बहुतेक मुलं दिवसभर नोकरी करून येतात. त्यातला एक परळच्या बाजूला सीसीटीव्ही बसवायचं काम करतो. दादरला क्लासमध्ये शिरतो तेव्हा खांद्यावर केबलची पिशवी असतेच. त्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, “मॅडम, नॅटची लॅब झाली. पिंग होतंय.”

नॅट म्हणजे आतल्या पीसीचा खासगी पत्ता बाहेर जाताना राउटरने बदलणं, आणि पिंग म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते बघणं. लॅब पॅकेट ट्रेसर या नेटवर्क सिम्युलेटरमधली, साधीच. दोन पीसी, एक स्विच, ऑफिसचा राउटर, पलीकडे आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा राउटर आणि त्यामागे वेब सर्व्हर. आत १९२.१६८.१०.० चं नेटवर्क, राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसला (जोडणीला) २०३.०.११३.२. (२०३.०.११३ ची ही मालिका उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे, त्यामुळे कुणाचा खरा पत्ता आपण वापरत नाही.)

पिंग खरंच होत होतं, चारही रिप्लाय येत होते. तरी सवयीप्रमाणे त्याला राउटरवर ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स’ टाकायला सांगितलं. कुणाचा पत्ता बदलून काय केला, त्याचं टेबल ही कमांड दाखवते. काहीच आलं नाही, नुसता प्रॉम्प्ट परत. स्टॅटिस्टिक्समध्ये हिट्स शून्य, म्हणजे ते टेबल एकदाही वापरलं गेलं नव्हतं.

“पॅकेट ट्रेसर हँग झालं असेल,” मागून कुणीतरी म्हणालं. त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक बॅच हा आळ घेते, आणि कधीकधी तो खराही असतो. म्हणून फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली. तेच.

मग सिम्युलेशन मोड लावला. यात पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाकिटाच्या चित्रासारखं एकेक टप्पा पुढे सरकतं आणि क्लिक केलं की आत काय आहे ते वाचता येतं. ऑफिसच्या राउटरमधून बाहेर पडणारं पाकीट उघडलं. सोर्स आयपी, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, १९२.१६८.१०.११, जसाच्या तसा. म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी फक्त ‘खोली नं. ११’ लिहून पत्र पोस्टात टाकल्यासारखं. उत्तर परत यायलाच नको होतं. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) हे पत्ते खासगी ठरवले. इंटरनेटवरचे राउटर त्यांचा रस्ता ठेवत नाहीत.

पण इथे रस्ता होता. आयएसपीच्या राउटरवर ‘शो आयपी रूट’ टाकलं, तर १९२.१६८.१०.० चा स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने टाकलेला रस्ता, समोर.

“हा कुणी टाकला?”

“मीच, मॅडम. काल पिंग होत नव्हतं. मित्र म्हणाला, परतीचा रूट दे, होईल.”

राउटिंगच्या लॅबमध्ये मित्राचा सल्ला अगदी बरोबर ठरला असता. पण बाहेर आयएसपी आपल्याला त्याच्या राउटरला हात लावू देतो होय? रूट काढायला लावला. लगेच चार वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. त्याचा चेहरा पडला, मला मात्र हायसं वाटलं. खरा बिघाड आता दिसणार होता.

ऑफिसच्या राउटरवर आतली बाजू (इनसाइड) आणि बाहेरची (आउटसाइड) योग्य इंटरफेसवर. ओव्हरलोडची ओळ, म्हणजे सगळ्या पीसींना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी, बरोबर. मग ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कोणते पत्ते धरायचे याची यादी, बघितली आणि तिथे सापडलं: ‘परमिट ०.०.०.० २५५.२५५.२५५.०’.

“मी असं टाकलंच नाही!” तो म्हणाला. टाकलं नव्हतंच. त्याने १९२.१६८.१०.० लिहून पुढे वाइल्डकार्डऐवजी सवयीने सबनेट मास्क दिला होता. सबनेट मास्कमध्ये २५५ म्हणजे ‘हा आकडा नेटवर्कचा’, वाइल्डकार्डमध्ये मात्र उलटं, २५५ म्हणजे ‘हा आकडा बघूच नकोस’. राउटरने पहिले तीन आकडे सोडून दिले, शून्य करून ठेवले, आणि फक्त शेवटचा तपासला. आता लिस्टमध्ये बसत होते ते शेवटी ० असलेले पत्ते. असा पीसी त्या नेटवर्कात असूच शकत नाही.

आणि राउटर कुरकुरला का नाही? कारण इथली ॲक्सेस लिस्ट अडवत नाही, ती फक्त कुणाचा पत्ता बदलायचा ते निवडते. जो निवडीत बसला नाही, तो आहे त्याच पत्त्यानिशी पुढे जातो. फायरवॉलची सवय असलेली माणसं इथे हमखास फसतात.

जुनी लिस्ट काढून ०.०.०.२५५ दिलं. पिंगच्या चार नोंदी टेबलात उमटल्या. मग दोन्ही पीसींवरून एकदम वेब पेज उघडलं. दोघांनीही पोर्ट (कनेक्शन ओळखायचा नंबर) १०२५ च घेतला होता. बाहेरचा पत्ता एकच, म्हणून राउटरने एकाचा पोर्ट तसाच ठेवला, दुसऱ्याला वेगळा दिला. पठ्ठ्या ती दुसरी ओळ बोट ठेवून वाचत बसला. ठाण्याची फास्ट गेली तरी उठेना.

पुढच्या बॅचच्या फाइलमध्ये आयएसपीच्या राउटरला मी पासवर्ड घातलाय.