सूर्यफूल उगवत नसेल तर पाणी नको, आधी माती उकरा

सूर्यफुलात अवघड काय, असं सगळेच म्हणतात. चार खरी पानं फुटल्यावर खरंच काही अवघड नाही. घोडं अडतं ते त्याआधीच्या दहा दिवसांत, मातीखाली. माझं ऑक्टोबरच्या अखेरीस अडलं. घरच्याच, मॉर्डेन जातीच्या बिया, जुलैत पेरलेल्या झाडांच्या, टपोऱ्या आणि नीट वाळवलेल्या. 25 टोकल्या, उगवल्या 2. त्यावर सगळ्यांचा एकच सल्ला, "पाणी कमी पडलं असन."

नागपूरच्या काळ्या मातीत उगवणीच्या वेळी पाणी कमी पडून होतं त्याहून जास्त नुकसान पाणी जास्त होऊन होतं. ही माती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि खाली बियाणं गुदमरतं. वर मात्र ऊन लागून खपली धरलेली, म्हणून बघणारा आणखी पाणी घालतो. या सल्ल्याची मला अजून चीड येते. आठव्या दिवशी खुरपं घेऊन दोन-तीन जागा उकरल्या तर पाच मिनिटांत कारण कळतं.

बी मऊ, काळपट, वास मारतंय, म्हणजे पाणी जास्त. कोंब फुटलाय पण मान वाकडी करून आडवा गेलाय, म्हणजे वरची खपली फोडता आली नाही. टरफलाच्या नुसत्या दोन फाका, नाहीतर रिकामा खड्डा, म्हणजे खार किंवा मुंग्या. आणि बी पेरलं तसंच कडक, आतला गर पांढरा, नखाने दाबला तर बोटाला तेल लागतं, म्हणजे बी जिवंत आहे पण झोपलंय.

माझं बी झोपलेलं निघालं. सूर्यफुलाच्या ताज्या बियांना सुप्तावस्था असते, काढणीनंतर साधारण 45 दिवस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापलेलं फूल त्याच महिन्यात पेरलं तर तुम्ही पाणी घाला, खत घाला, नाहीतर आरती करा. त्याच डब्यातल्या 10 बिया मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, 1 उगवली. नोव्हेंबर संपताना पुन्हा 10 ठेवल्या, 8 उगवल्या. बी तेच, गोणपाटही तेच.

ही गोणपाटाची तपासणी पेरणीआधीच करायची, मी नंतर केली. 10 बिया अंतर ठेवून मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा पण थेंब गळू देऊ नका. पाच-सहा दिवसांत 7 तरी फुटायला हव्यात, कारण प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरतात. विकतच्या पाकिटालाही हेच लागू. मध्यंतरी एक पाकीट आणलं, त्यावर फुलाचा फोटो हातभर आणि तपासणीची तारीख कुठेच नाही. असं पाकीट परत करावं. शेतीच्या दुकानात तारीख असते, पण पिशवी किलोची असते आणि आपल्याला हव्यात 30 बिया. (नाश्त्याला खातात त्या भाजलेल्या बिया कोणी पेरू नका. हे सांगावं लागतं.)

वाफ्यासाठी एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, जमिनीपासून अर्धा फूट उंच. बी रात्रभर भिजवून सावलीत कोरडं करायचं आणि 3 सेंटीमीटर खोल टोकायचं, निमुळतं टोक खाली, कारण मूळ तिथूनच निघतं. वर काळी माती नको, रेती आणि शेणखताची भुकटी टाका, म्हणजे खपली धरत नाही. पाणी झारीने. पाइपची धार मारली की बी उघडं पडतं. बी फार वर राहिलं की रोप टरफलाची टोपी घालूनच बाहेर येतं आणि दोन्ही दलं (बीतूनच येणारी पहिली जाड पानं) आत अडकून बसतात. ती टोपी कोरडी असताना ओढली तर दलं तुटतात. सकाळ-संध्याकाळ पाणी लावून मऊ करा, दुसऱ्या दिवशी चिमटीत अलगद निघते. साळुंक्याही या कोवळ्या दलांवरच टपलेल्या असतात, म्हणून पहिले दहा दिवस जाळी हवीच.

रोपं दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ दुखावतं. प्रत्येक जागी दोन बिया टोका, पुढे एक रोप ठेवा, अंतर एक फूट. कुंडी 12 इंचांहून लहान नको. उंच जातीला बांबू लागतो, नाहीतर एप्रिलच्या अवकाळी वादळात आडवी होते.

उन्हाळी पेरणी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. उशीर झाला तर फुलं ऐन कडक उन्हात येतात, परागकण सुकतात आणि दाणे पोचट राहतात. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या उघडताना लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम बोरॅक्स घालून एकदा फवारा. मधमाश्या दिसत नसतील तर हाताला मलमलचं फडकं गुंडाळून सकाळी 9 ते 11 मध्ये एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकं फिरवा, एक दिवसाआड, पाच-सहा वेळा.

फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी व्हायला लागली की पातळ कापडी पिशवी बांधा, नाहीतर राघू आधी जेवतात. पाठ तपकिरी झाली की कापा आणि डब्यावर कापणीची तारीख लिहा.

एक राहिलंच. कोवळी कळी सूर्याबरोबर फिरते, पण पूर्ण उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. आमचं फाटक पश्चिमेला, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळ्या फुलांच्या पाठीच दिसतात. जागा ठरवताना एवढं बघून घ्या.