सोळा कोरवरून सहा कोरवर

दर एक तारखेला सकाळी स्टोअरचे मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "ताई, झालं का व्हॅल्युएशन?" व्हॅल्युएशन म्हणजे स्टोअरमधल्या मालाची किंमत काढणं. नाही म्हटलं की चहाला जायचे, चहा पिऊन परत यायचे, तरी स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावरच. नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. सगळा हिशोब एका सर्व्हरवर चालतो आणि तो सांभाळायला मी एकटी.

सर्व्हरमध्ये दोन झिऑन ई५-२६७०, म्हणजे इंटेलचे प्रोसेसर. २०१२ सालचं मॉडेल, प्रत्येकात ८ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), वेग २.६ गिगाहर्ट्‌झ, जोर लावला की ३.३. कधी दगा दिला नाही त्याने. विंडोज सर्व्हर २०१२ आर२चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला संपत होता आणि ईआरपीची (कारखान्याच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती त्यावर चालणार नाही, असं कळलं म्हणून विषय निघाला. नाहीतर शेठनी तो अजून दहा वर्षं ओढला असता.

मी कोटेशन मागवलं ते झिऑन ई-२३३६चं. २०२१चा प्रोसेसर, एकच, त्यात ६ कोर. शेठनी चष्मा कपाळावर नेला. "सोळाचे सहा? पैसे मोजून कमी घ्यायचं?" त्यात मुंबईच्या एका जुन्या मालाच्या डीलरने त्यांना फोन करून ठेवला होता: आहे त्याच सर्व्हरमध्ये ई५-२६९० व्ही२ बसवा, १०-१० कोर, म्हणजे वीस. काढायचे आणि घालायचे, बस. कागदावर त्याचंच पारडं जड होतं, हे मलाही दिसत होतं.

एक तारखेला मी शेठना माझ्या खुर्चीत बसवलं आणि टास्क मॅनेजर उघडून दाखवला. कोर किती कामात आहेत ते त्यात दिसतं. सोळा कोर, प्रत्येकात कामाच्या दोन रांगा म्हणजे थ्रेड; म्हणून बत्तीस चौकोन. त्यातला एकच भरलेला, तोही मधूनमधून जागा बदलणारा. बाकीचे एकतीस तळाशी झोपलेले. "बत्तीस कारागीर हजेरी लावून उभे आहेत आणि कानस एकाच्याच हातात," मी म्हटलं. आमचं व्हॅल्युएशन एकामागून एक नोंद घेत जातं; आधीच्या नोंदीचा दर निघाल्याशिवाय पुढची हलत नाही. अशा कामाला माणसं वाढवून उपयोग नाही, त्या एकाचा हात चालायला हवा. शेठ म्हणाले, "मग दाखव चालवून."

नव्या सर्व्हरच्या विक्रेत्याने चार दिवसांसाठी डेमो मशीन दिलं. तोच डेटाबेस, तोच महिना. जुन्यावर ५४ मिनिटं, नव्यावर १४. मी आनंदाने आकडे लिहून घेतले आणि घरी जाताना स्कूटरवर लक्षात आलं की ही तुलना प्रोसेसरची नाहीच. जुन्यात दहा हजार आरपीएमच्या फिरत्या डिस्क, नव्यात एनव्हीएमई, म्हणजे फिरता भाग नसलेली, कितीतरी वेगवान डिस्क. मी बैलगाडी आणि मोटार यांच्यातले बैल मोजत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्याला साधा साटा एसएसडी (तीही न फिरणारी, पण एनव्हीएमईपेक्षा हळू डिस्क) लावला. ४३ मिनिटं. मग सहज पॉवर सेटिंग पाहिली तर ती 'बॅलन्स्ड'वर, आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, सारखा १.२ गिगाहर्ट्‌झवर येऊन बसायचा. ती 'हाय परफॉर्मन्स' केली. ३६ मिनिटं. इतकी वर्षं मामांना चहाला पाठवण्यात माझाही वाटा होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. शेवटी तोच एसएसडी नव्या मशीनला जोडला: १५ मिनिटं.

३६ विरुद्ध १५, ही खरी तुलना. नवा ४.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो हे एक कारण, पण एवढ्याने हिशोब जुळत नाही. दर ठोक्याला तो कामही जास्त उरकतो. गंमत म्हणजे मेमरीच्या वेगात प्रोसेसरमागे दोघे तंतोतंत सारखे निघतात. जुन्याला डीडीआर३-१६०० मेमरीचे चार चॅनल (डेटा ये-जा करायचे रस्ते), नव्याला डीडीआर४-३२००चे दोनच. दोन्हीकडे कागदावर सेकंदाला ५१.२ जीबी. जुन्यात असे दोन प्रोसेसर, म्हणजे एकूण दुप्पट. सगळ्या कोरना एकदम कामाला लावणाऱ्या चाचणीत तर दोघे जवळजवळ खांद्याला खांदा लावून होते. आमचं काम तशा प्रकारचं असतं, तर मी डीलरच्याच बाजूने बोलले असते. रॅमची कमाल मर्यादाही नव्याला १२८ जीबीच आहे. आम्हाला ६४ पुरते.

एवढं ऐकूनही शेठ म्हणाले, "एसएसडी आणि एका क्लिकने अठरा मिनिटं वाचलीच ना?" बरोबरच होतं. पारडं फिरलं ते लायसन्सवर. गेट, क्वालिटी, डिस्पॅच, कोण कधी लॉगिन करतं याला धरबंध नाही, म्हणून एसक्यूएल सर्व्हरचं, म्हणजे डेटाबेसच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स माणसांप्रमाणे न घेता कोरप्रमाणे घ्यायचं ठरलं होतं. जुन्यावर १६ कोरचे पैसे, डीलरच्या जोडीवर २०चे, नव्यावर ६चे. विंडोज सर्व्हरला मात्र किमान १६ कोरचं लायसन्स घ्यावंच लागतं, कोर सहा असले तरी. तिथे काही सुटलं नाही. शेठनी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला आणि डीलरचा फोन घेणं बंद केलं.

ऑर्डर गेली, मशीन आलं, आणि सुरूच होईना. पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. दोन तास केबल हलवण्यात गेले. मग रॅमची पट्टी काढून लेबल वाचलं: रजिस्टर्ड. झिऑन ई मालिकेला अनबफर्ड ईसीसी ही दुसऱ्या प्रकारची रॅम लागते. दोन्ही एकाच खाचेत गुमान बसतात, हीच तर पंचाईत. विक्रेत्याने बदलून दिली, पण आठवड्याने.

बदली दिवाळीच्या सुट्टीत उरकली. जुना सर्व्हर आता रोज रात्री तासभर बॅकअपपुरता चालू होतो. साध्या प्लग मीटरवर तो रिकामा बसलेला असतानाही १७० वॅटच्या आसपास खायचा, नवा ४५च्या. यूपीएसला श्वास मिळाला, सर्व्हरच्या खोलीतल्या एसीलाही.

डिसेंबरात थंडी पडली तेव्हा रात्रपाळीचे वॉचमन काका मला गेटवर थांबवून म्हणाले, "मॅडम, एसी बिघडला का हो?" एसीचं बाहेरचं युनिट त्यांच्या खुर्चीमागेच आहे. दरवर्षी त्याच्या गरम हवेवर त्यांची पाठ शेकायची, यंदा ते घटकाभर चालतं आणि बंद पडतं. मी शेठना सांगून त्यांना हीटर मिळवून दिला. तो १००० वॅटचा आहे.