बर्फीला घेऊन सड्यावर

मे महिन्यात कोकणात कुत्र्याला घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जायचं असेल, तर मोबाइलवर तापमान बघून काही कळत नाही. तिथे ३३-३४ दिसतं आणि विदर्भातले मित्र हसतात. पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतून येतो तो थोडासाच; बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचं पाणी उडालं तर कुत्रं गार होणार, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते धड उडतच नाही. पुण्यात टेकडीवर पुढे पुढे पळणारी आमची बर्फी कशेळीला पोचल्यापासून न्हाणीघराच्या दारात ओल्या फरशीवर पोट टेकून पडून होती. लॅब्रेडॉर, त्यात आईच्या कृपेने वजन जरा जास्तच.

कशेळी हे आईचं माहेर. राजापूर तालुक्यातलं हे गाव बहुतेकांना कनकादित्याच्या देवळामुळे माहीत असतं. सगळ्यांनी मिळून सड्यावरून कड्यापर्यंत चालत जायचं असं ठरलं, आणि बर्फीपण येणार म्हटल्यावर मामा हसायलाच लागला. “कुत्र्याला फिरवायला न्यायचं कशाला? तो फिरतो की त्याचा तो.” मामाचा काळू खरंच तसा आहे. सकाळी कुठे जातो ते कुणी विचारत नाही, जेवायच्या वेळेला पडवीत हजर.

निघायच्या वेळेवरून जरा घासाघीस झाली. मी म्हटलं पहाटे पाचला निघू, उन्हाच्या आत परत येऊ. मामाने साफ नाही म्हटलं. या भागात बिबट्या आहे आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. अंधारात आणि झुंजूमुंजू असताना कुत्र्याला घेऊन जंगलाकडेने जायचं नाही. दुसऱ्या बाजूने ऊन. म्हणजे चांगलं उजाडल्यापासून कातळ तापेपर्यंत, साधारण सहा ते नऊ, एवढाच वेळ हातात राहतो. त्यात बसेल तेवढंच चालायचं.

सड्यावर मे महिन्यात पाण्याचा थेंब मिळत नाही. जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. त्यामुळे पाणी सगळं खालून न्यायचं. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५०-६० मिली पाणी लागतं, चालताना त्याहून बरंच जास्त. बर्फीसाठी दोन लिटरची बाटली आणि एक पसरट डबा वेगळा घेतला. आमच्यासाठी कोकम सरबत, मीठ जरा जास्त घातलेलं. ते कुत्र्याला द्यायचं नाही, हे लेकीला दोनदा सांगावं लागलं. ऑनलाइन मागवलेले कुत्र्याचे बूट बर्फीने अंगणातच उडवून लावले. ते अजून तिथेच असतील.

घाटी चढायला सोपी, कारण सावली आहे. पण कुत्र्यासाठी खरी कटकट तिथेच. आधी काजूची झाडं. खाली पडलेली बी कुत्र्याने चावली की सालीतला चीक तोंड भाजतो. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेत त्यांना सांगायला नको. मग आंब्याची बाग. हंगाम संपत आलेला, खाली गळलेले आंबे. बर्फीला आंबा म्हणजे जीव की प्राण, आणि ती बाठा चघळत नाही, गिळायला बघते. आतड्यात अडकला की ऑपरेशनशिवाय सुटका नाही, आणि इथून जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जास्त करून गाईगुरंच येतात. म्हणून पूर्ण बाग पट्टा आखूड धरून. पुढे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने तोच नियम, कारण सुट्या चिऱ्यांच्या फटींत फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असतं आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच जातं.

बागेत राखणीला नेपाळी जोडपं होतं आणि त्यांची तीन कुत्री. मामाने लांबूनच हाळी दिली, त्यांनी कुत्री बांधली. हे आधी करायचं असतं, कुत्री अंगावर आल्यावर नाही. न बोलावता आमच्यामागे आलेला काळू एवढा वेळ सगळ्यांच्या पुढे होता. बाग आल्यावर तो आईच्या मागे गेला.

वर आलं की एकदम सगळं उघडं. काळा-तांबूस कातळ, सुकलेलं गवत, आणि टोकाला समुद्राची रेघ. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं तर काहीच कळत नाही, नुसत्या रेघा. लेक कडेने फिरत फिरत सोंड शोधत होती, ती सापडल्यावर पोटातले मासे आणि बाकीचे प्राणी दिसायला लागले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेघांवरून माणसांनीच चालू नये, तिथे कुत्र्यांची काय कथा. बर्फी पट्ट्याला होती. काळूला मात्र मामाने मानगूट धरून लांब नेला, कारण तो कशावर पाय वर करेल याचा नेम नाही.

इथून कडा फार लांब नाही, खाली देवघळीचा समुद्र. आठ वाजून गेले होते. मी हाताची मागची बाजू कातळावर टेकवली आणि मनात सात आकडे मोजायला लागलो. सातपर्यंत हात ठेववला नाही तर पंजाही भाजतो, हे साधं गणित. पाचाला हात उचलला. बर्फीची जीभ लांब आणि टोकाला रुंद झालेली, हिरड्या एरवीपेक्षा लाल. लाळ अजून पातळ होती; ती चिकट झाली, कुत्रं झोकांड्या खायला लागलं, की मग मामला गंभीर.

लेक हट्टाला पेटली की सगळ्यांनी कड्यावर जायचंच. बायको म्हणाली, “आपण दोघी आणि मामा जाऊन येऊ, बाबा थांबतील.” मी आणि आई करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसलो. बर्फीला थोडं थोडं पाणी पाजलं, एकदम डबाभर दिलं तर ओकते. उरलेलं पाणी पाठीवर न ओतता पोटावर, काखेत आणि पंजांवर लावलं, आणि टोपीने वारा घातला. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. दहा मिनिटांत धाप कमी झाली. तोवर आईने पदरात करवंदं जमवली होती. “आम्ही शाळेतनं येताना इथेच बसायचो,” म्हणत तिने सगळी एकटीने खाल्ली.

उतरताना मामाने वाट बदलली. थोडी लांबची, पण कातळ टाळून झाडांतून जाणारी. नऊच्या आधी आम्ही वहाळात होतो. कोंडीत अजून गुडघाभर पाणी होतं आणि बर्फी त्यात जी बसली ती उठेचना. काळूने काठावरून दोनदा भुंकून बघितलं आणि घरी निघून गेला.

दुपारी पडवीत गोचिड्या काढायचा कार्यक्रम. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत बघायचं. सड्यावरच्या गवतातून चालल्यावर हे चुकत नाही. मामा रॉकेल घेऊन आला, त्याला थांबवलं. चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. निघालेल्या सगळ्या स्पिरिटच्या बाटलीत. बर्फी झोपेतच होती, एकदा नुसता पाय झाडला. मग मी चिमटा घेऊन काळूकडे वळलो, तर तो उठून शेजारच्यांच्या पडवीत जाऊन बसला.