आत्याची गोष्ट किती सांगायची

भारतात मनोविकारशास्त्रात एमडी करायचे तर नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेतला क्रमांक पुरतो. काउन्सेलिंगच्या फेरीत जागा मिळते आणि हा विषय का निवडला, असे कोणी विचारत नाही. अमेरिकेतील चार वर्षांच्या सायकिअ‍ॅट्री रेसिडेन्सीचे, म्हणजे तिथल्या मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे, तसे नाही. सप्टेंबरमध्ये ‘इरास’ या ऑनलाइन अर्जप्रणालीतून अर्ज जातो, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मुलाखती होतात, मग उमेदवार आणि प्रोग्रॅम (प्रशिक्षण देणारे रुग्णालयांतले विभाग) आपापल्या पसंतीच्या याद्या देतात आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कोण कुठे जाणार हे कळते. अर्जाबरोबर पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे हा विषय का निवडला हे सांगणारे स्वतःविषयीचे टिपण, द्यावे लागते, आणि वैयक्तिक प्रश्नांचे दार पुष्कळदा आपणच तिथे उघडून ठेवलेले असते.

मी ते उघडले होते. माझ्या आत्याला स्किझोफ्रेनिया आहे. चुलत बहिणींची लग्ने ठरेपर्यंत आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नाही; पाहुण्यांना ‘तिला जरा बरं नसतं’ एवढेच सांगितले जाई. याच गप्पपणामुळे मी या विषयाकडे वळले, असे मी स्टेटमेंटमध्ये लिहिले होते आणि ते खरे होते. २०२० पासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होऊ लागल्या, त्यामुळे मी त्या पुण्यातल्या घरूनच दिल्या. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आई स्वयंपाक लवकर उरकून घेई आणि आत्या आतल्या खोलीत दार लावून बसे.

पहिल्याच मुलाखतीत विचारणाऱ्या डॉक्टरांनी माझे स्टेटमेंट समोर ठेवले होते. आत्या आजारी पडली तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता, घरात आरडाओरडा होत असे का, आणि शेवटी, तुम्हाला स्वतःला कधी उपचार घ्यावे लागले का, असे प्रश्न एकामागून एक आले. स्वर अतिशय मायेचा होता, म्हणूनच मी सगळे सांगत गेले. तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेले ती रात्रही सांगितली, आणि सांगताना माझा आवाज फुटला. कॉल संपल्यावर मला लाज वाटली ती रडण्याची नव्हे. जिची ही गोष्ट होती, ती दहा पावलांवर बसली होती आणि मी तिला विचारले नव्हते.

त्या रात्री जेवणानंतर मी तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या गोळ्यांचं सांग, मी घरी शिवणकाम करते तेही सांग. त्या रात्रीचं नको सांगूस.” यापुढची माझी सगळी तयारी या तीन वाक्यांवर उभी राहिली. मी एक वही घेतली आणि स्वतःबद्दलही तसेच लिहून काढले: काय सांगेन, काय विचारले तरच सांगेन आणि काय मुळीच सांगणार नाही. ही सीमा मुलाखतीच्या आदल्या दिवशीच आखावी लागते, कारण समोरचा माणूस मन लावून ऐकणारा असला की ती त्या क्षणी आखता येत नाही. मनोविकारतज्ज्ञ तर ऐकण्यातच मुरलेले असतात.

नियमांची माहिती मात्र मला फार उशिरा झाली. जागांची ही जुळणी करणाऱ्या एनआरएमपी या संस्थेच्या आचारसंहितेनुसार वय, लिंग, धर्म, लैंगिक कल आणि कौटुंबिक स्थिती यांविषयी बेकायदेशीर किंवा दबाव आणणारे प्रश्न प्रोग्रॅमने टाळायचे असतात. आणखी कुठे अर्ज केला आहे, हेही विचारायचे नसते. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसअ‍ॅबिलिटीज अ‍ॅक्ट या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यामुळे नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराच्या आजारांची चौकशी करता येत नाही. म्हणजे माझ्या उपचारांविषयीचा तो प्रश्नच अयोग्य होता. व्हिसासाठी प्रायोजकत्व लागेल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर द्यावे.

तरीही मुलाखत चालू असताना कायद्याचे कलम सांगून कोणाचे भले होत नाही, असे माझे मत आहे. प्रश्नामागची काळजी ओळखावी आणि उत्तर तिला द्यावे. ‘लग्न झालं आहे का, पतीही येणार का’ असे विचारणाऱ्याला बहुधा उमेदवार मध्येच सोडून जाईल का याची धास्ती असते; तेव्हा ‘चारही वर्षे इथेच पूर्ण करण्याची माझी तयारी आहे आणि घरच्यांचा त्याला पाठिंबा आहे’ एवढे पुरते. आपल्याकडे हा प्रश्न चहासोबत विचारला जातो, म्हणून आपण सवयीने सासरपर्यंतचा तपशील देऊन बसतो.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो शिक्षणात खंड पडलेल्यांचा, विशेषतः खंडाचे कारण स्वतःचे नैराश्य असेल तर. खंडाबद्दल विचारले जाणारच, आणि खोटे तर मुळीच बोलू नये. पण ‘प्रकृतीच्या कारणाने मी थांबले होते, ते आता मार्गी लागले आहे, आणि परतल्यापासून मी सलग काम करते आहे’ हे पूर्ण सत्य आहे. निदान सांगणे हे कर्तव्य नाही. ज्या क्षेत्रात आपण रुग्णांना उपचार घ्या म्हणून विनवतो, तिथेच उपचार घेतल्याचे सांगायला डॉक्टर घाबरतात, याचे मला अतोनात वाईट वाटते. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांचा एप्रिल २०२० मध्ये आत्महत्येने मृत्यू झाला. डॉक्टरांच्या परवाना-अर्जांतून मानसिक आरोग्याविषयीचे खासगी प्रश्न काढून टाकावेत, यासाठी त्यांच्या नावाने उभी राहिलेली संस्था काम करते. ते बदल सर्वदूर होईपर्यंत किती सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि कमी सांगितले म्हणून कोणी स्वतःला अप्रामाणिक समजू नये.

जानेवारीतल्या एका मुलाखतीत पुन्हा आत्याचा विषय निघाला. मी तिच्या गोळ्यांचे आणि शिवणकामाचे सांगितले, आणि म्हणाले की याहून अधिक सांगण्याची परवानगी तिने मला दिलेली नाही. समोरच्या बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी विचारले, “ती परवानगी तुम्ही कशी मागितलीत?” उरलेला सगळा वेळ आम्ही त्यावरच बोललो.